चाळीस अर्ज दिले, काम एकही झालं नाही: समाविष्ट गावातल्या एका नागरिक मंचाला उत्तर

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या अकरा गावांपैकी एका गावात तुम्ही राहता. अकरा सोसायट्या आणि मधली बैठी घरं मिळून दोन वर्षांपूर्वी नागरिक मंच केला. पावसात ड्रेनेज उलटं येतं, पाणी पुरत नाही, चौकाच्या कोपऱ्यावर कचरा पडतो, रस्त्यावरचे निम्मे दिवे बंद असतात, भटक्या कुत्र्यांचा त्रास आहे. चाळीसेक अर्ज झाले, सगळ्या पक्षांना निवेदनं देऊन झाली. ग्रुपवर चारशे माणसं आहेत, बैठकीला मात्र दहा-बाराच येतात. आता मंचात तीन मतं आहेत: नोंदणी करून घ्यावी, मोर्चा काढावा, किंवा पालिकेच्या निवडणुकीत आपलाच माणूस उभा करावा.

माझी नोकरी एका महापालिकेच्या मलनिःसारण खात्यात झाली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, आणि आता आजूबाजूच्या सोसायट्यांच्या संघांना हीच कामं मार्गी लावायला मदत करतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. तुमचे जे दोन अर्ज तुम्ही नमुन्याला दिले आहेत ते वाचून सांगतो, तुमची माणसं कमी नाहीत आणि चिकाटीही कमी नाही. अडचण अर्जाच्या मजकुरात आहे. एकाच पानावर ड्रेनेज, पाणी, कचरा, दिवे, कुत्री सगळं आहे, आणि शेवटी "तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती".

असा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात आला की आवक शाखेत शिक्का बसतो आणि तो कुठल्या तरी एका खात्याकडे जातो, बहुधा पहिल्या ओळीत ज्याचं नाव आहे त्याच्याकडे. तिथला जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, आपल्यापुरतं वाचतो आणि बाकीच्यासाठी "संबंधित विभागाकडे वर्ग" असा शेरा मारतो. तुम्हाला पत्र येतं की अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवला आहे. कागदावर तुमचा अर्ज निकाली निघालेला असतो. यात त्या जेईचा हेतू वाईट असेलच असं नाही. "आमच्या भागात ड्रेनेजची समस्या गंभीर आहे" या वाक्यावर तो करू शकेल असं काहीच नसतं. कुठल्या चेंबरवर गाडी पाठवायची? कुठून कुठपर्यंत लाईन बदलायची? पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, कशाचं करायचं?

पालिकेत तक्रार आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रारीचं उत्तर दिलं की ती संपते. कामाला जागा लागते, लांबी लागते, खातं लागतं आणि अंदाजपत्रकात तरतूद लागते. मंचाने तक्रारीचं रूपांतर अशा कामात करून दिलं की ते पुढे सरकतं. त्यासाठी आधी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं: ही गोष्ट कोणाच्या ताब्यातली आहे?

इथे काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. सोसायट्यांमधला रस्ता पालिकेच्या ताब्यात आला आहे, की तो अजून विकसकाच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर आहे? ताबा नसेल तर पथ विभाग आणि विद्युत विभाग त्यावर खर्च करायला नकार देतील, आणि नियमाने ते बरोबर असतील. मग दिव्यांचा अर्ज करण्याआधी रस्ता ताब्यात देण्याचा विषय हाती घ्यावा लागतो. तुमच्या सोसायट्यांना बांधकाम परवानगी पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, दिली होती की पालिकेने? मोठ्या सोसायट्यांत स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, आहे का, आणि असला तर तो चालतो का? ही उत्तरं हातात नसताना कोणीही तुम्हाला नेमका सल्ला देऊ नये.

आता ड्रेनेजबद्दल सविस्तर सांगतो. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे आणि बाकीचे काही त्यालाच जोडलेले आहेत.

तुम्ही लिहिलंय, "पावसात उलटं येतं". हे फार महत्त्वाचं वाक्य आहे, आणि ते तुमच्या अर्जात कुठेच नाही. कोरड्या दिवशी, सकाळी सात ते दहाच्या वापराच्या वेळी चेंबर भरत असेल तर लाईन तरी तुंबलेली असते, किंवा तिचा उतार गेलेला असतो, किंवा ती लोकसंख्येला अपुरी पडते. कोरड्या दिवशी सगळं ठीक आणि जोराचा पाऊस आला की तासाभरात चेंबरची झाकणं उचलली जात असतील, तर मैलापाण्याच्या लाईनमध्ये पावसाचं पाणी शिरतंय. दोन्हीचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. पहिल्यात जेटिंगची, म्हणजे जोराच्या पाण्याने लाईन मोकळी करणारी, गाडी लागते किंवा नवी लाईन. दुसऱ्यात नवी लाईन टाकूनही दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच होतं.

हिशोब करून बघा. अकरा सोसायट्यांत मिळून दोन हजार फ्लॅट धरू, म्हणजे साधारण आठ हजार माणसं. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे आपलं नेहमीचं प्रमाण, त्यातलं ८० टक्के मैलापाणी म्हणून बाहेर पडतं. दिवसाला साडेआठ लाख लिटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सरासरी १० लिटर. सकाळच्या गर्दीच्या वेळी तिप्पट धरायचं असतं, म्हणजे ३० लिटर. नऊ इंची, म्हणजे २२५ मिलिमीटरची लाईन नीट उतारात असेल तर एवढं कसंबसं वाहून नेते. आता एक गच्ची घ्या, ५०० चौरस मीटरची. तासाला ३० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या एका गच्चीवरून तासाला १५ हजार लिटर पाणी उतरतं, सेकंदाला चार लिटरहून जास्त. अशा दहा गच्च्यांचे पाईप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेले असतील, तर त्या दहा गच्च्यांचंच पाणी दोन हजार घरांच्या ऐन गर्दीच्या मैलापाण्यापेक्षा जास्त झालं. पालिकेने कितीही गाळ काढला तरी ती लाईन उलटणारच.

म्हणून पहिली पाहणी आपल्याच आवारात करा. विकसकाने खर्च वाचवायला गच्चीचे पाईप जवळच्या ड्रेनेज चेंबरला जोडलेले असतात, आणि सोसायटीच्या कमिटीला ते माहीतही नसतं. तपासणं सोपं आहे. कोरड्या दिवशी गच्चीवरच्या पाईपच्या तोंडात खाण्याचा रंग मिसळलेलं बादलीभर पाणी ओता आणि खाली एका माणसाला चेंबरपाशी थोडं लांब उभं करा. मैलापाण्याच्या चेंबरमध्ये रंग आला की जोडणी चुकीची. पार्किंगमधल्या जाळ्यांचं पाणी कुठे जातं तेही असंच कळतं. ही दुरुस्ती सोसायटीची आहे, पालिकेची नाही, आणि ती तुलनेने स्वस्त आहे: पाईप तिथून तोडायचा आणि पावसाळी गटारात किंवा शोषखड्ड्यात न्यायचा. गच्चीचं पाणी गाळून बोअरला देता आलं तर फारच उत्तम.

एसटीपीचंही तसंच. विजेचं बिल परवडत नाही म्हणून कित्येक सोसायट्या तो बंद ठेवतात आणि मैलापाणी बायपासने थेट लाईनला किंवा ओढ्याला सोडतात. तुमच्या अकरा सोसायट्यांपैकी कोणाकडे हे चालू असेल तर बैठकीत ते मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे. स्वतःचं सांडपाणी ओढ्यात सोडणाऱ्या सोसायटीच्या अध्यक्षांनी पालिकेच्या दारात जाब विचारायला उभं राहणं मला पटत नाही, आणि अधिकाऱ्यालाही ते माहीत असतं. तो तुमच्या तोंडावर बोलत नाही, पण फाईल हलत नाही याचं तेही एक कारण असतं.

आवारातलं काम झालं की रस्त्यावरची लाईन. इथे जेईला सोबत घ्या. वापराच्या वेळी, म्हणजे सकाळी, त्याच्या माणसांकडून ओळीने झाकणं उघडून बघायची. एखादं चेंबर तुडुंब भरलेलं आणि उताराकडचं पुढचं चेंबर जवळजवळ रिकामं असेल तर अडथळा त्या दोघांच्या मधे आहे. सगळी चेंबरं सारखीच भरलेली असतील तर अडथळा खाली मुख्य लाईनकडे आहे, किंवा लाईनच लहान आहे. एवढ्या एका फेरीत जे कळतं ते वर्षभराच्या निवेदनांतून कळत नाही. समाविष्ट गावांत बऱ्याच ठिकाणी ग्रामपंचायतीच्या काळातल्या लाईनी आहेत, त्या तेव्हाच्या वस्तीच्या हिशोबाने टाकलेल्या. मधेच कुठे नऊ इंचाची लाईन सहा इंचात शिरलेली सापडते. असं काही सापडलं की त्याचा फोटो, दोन्ही बाजूच्या खुणा आणि टेपने मोजलेली लांबी लिहून ठेवा. हे तुमच्या अर्जाचं मुख्य वाक्य.

एक गोष्ट इथेच सांगतो आणि कृपा करून ती मंचाच्या प्रत्येक सोसायटीला लेखी कळवा. चेंबर असो, सेप्टिक टाकी असो, एसटीपीची टाकी असो, कोणत्याही माणसाला आत उतरवायचं नाही. पाच मिनिटांचं काम आहे, नेहमीचा माणूस आहे, तो स्वतःच तयार आहे, यातलं कुठलंही कारण चालायचं नाही. आतल्या विषारी वायूने एक माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. हे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. २०१३ च्या कायद्याने पुरेशा संरक्षक साधनांशिवाय अशी सफाई करून घेणं गुन्हा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. पण कायद्याच्या भीतीपेक्षा मला त्या माणसाच्या जिवाचं जास्त वाटतं. सक्शन-जेटिंगची गाडी मागवा, दोन दिवस थांबायला लागलं तरी थांबा. आवारातलं झाकणसुद्धा लांबून हुकने उघडा, वाकून बघू नका आणि जवळपास काडी पेटवू नका.

ड्रेनेजच्या जोडीनेच पिण्याच्या पाण्याकडे बघा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण आढळले तेव्हा दूषित पाण्याचा विषय किती गंभीर आहे ते सगळ्यांनीच पाहिलं. पाण्याची लाईन आणि ड्रेनेजची लाईन एकाच चरात शेजारी शेजारी जात असेल, चेंबर वाहत असेल आणि पाणी दिवसातून थोडाच वेळ येत असेल, तर पाणी बंद असताना रिकाम्या पाईपमध्ये गळतीच्या जागेतून बाहेरची घाण ओढली जाते. तुमच्याकडे ड्रेनेज उलटतं आणि पाणीही ठरावीक वेळच येतं, म्हणून हे तुम्ही पहिल्यापासून तपासलं पाहिजे.

यासाठी पाण्यातलं क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी शिका. गावाकडे ग्रामपंचायतीचा माणूस रोज करतो तीच. लहान नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि रंग सोबतच्या पट्टीशी ताडून बघायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं आपलं मानक सांगतं. चाचणी तीन ठिकाणी करा: पालिकेचं पाणी आवारात येतं तिथल्या मीटरपाशी, जमिनीखालच्या टाकीत, आणि वरच्या एखाद्या घरातल्या नळाला. मीटरपाशी पिवळा आणि टाकीत रंगच नाही, तर घाण तुमच्या टाकीत आहे, टाकी धुवा. मीटरपाशीच रंग नाही, तर तो पालिकेचा प्रश्न, आणि तारीख, वेळ, ठिकाण लिहिलेल्या अशा आठवडाभराच्या नोंदी अर्जाला जोडल्या की पाणीपुरवठा विभागाला दुर्लक्ष करता येत नाही. टँकरचं पाणीही टाकीत सोडण्याआधी असंच तपासा, आणि तो कुठून भरून आणतो हे विचारून वहीत लिहा. चाचणीचं पाणी मात्र ओतून द्यायचं, प्यायचं नाही.

पाणी कमी येण्याबद्दल दोनच गोष्टी. एक, मीटरचं वाचन रोज ठरलेल्या वेळी लिहा. "पाणी येत नाही" आणि "मागच्या महिन्यात माणशी रोज ६० लिटर आलं" यांत फार फरक आहे. दोन, नव्या सोसायट्यांच्या परवानगीच्या कागदांत विकसकाचं पाण्याबद्दलचं हमीपत्र आहे का ते काढून बघा. पालिकेचं पाणी पुरेसं मिळेपर्यंत पाणी मी देईन, असं लिहून दिलेलं असेल तर टँकरचा खर्च निमूटपणे मेंटेनन्समध्ये घालण्याआधी तो कागद वकिलाला दाखवा.

कोपऱ्यावरच्या कचऱ्याचं तुम्ही फोटोसह लिहिलंय. पालिका उचलते आणि दुसऱ्या दिवशी तितकाच पडतो. अशा जागेला पालिकेत क्रॉनिक स्पॉट म्हणतात. तिथे रांगोळी काढणं, कुंड्या ठेवणं, देवाच्या फरशा बसवणं हे सगळीकडे करून झालंय. जागा तेवढी बदलते, कचरा पन्नास पावलं पुढे जातो. आधी हे शोधा की कचरा कोण, किती वाजता टाकतो. आठवडाभर चार जणांनी आळीपाळीने बघा, भांडू नका, फोटो काढून कोणाची बदनामी करू नका, फक्त वेळ लिहा. सकाळी साडेसहाच्या आत पडत असेल तर ती कचरावेचक येण्याआधी कामाला निघणारी माणसं असतात. रात्री दहानंतर ओला कचरा मोठ्या पिशव्यांत पडत असेल तर खाणावळ किंवा हातगाडी. बांधकामाचा राडारोडा असेल तर कुठल्या तरी फ्लॅटचं नूतनीकरण चालू आहे, आणि तो फ्लॅट बऱ्याचदा आपल्याच सोसायटीतला असतो. पहिल्या कारणाला उपाय कचरा घेण्याची वेळ बदलणं किंवा पहाटे निघणाऱ्यांसाठी गेटपाशी बंद डबा ठेवणं. त्यासाठी तुमच्या भागातल्या आरोग्य कोठीच्या, म्हणजे सफाई कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या ठिकाणच्या, मुकादमांशी आणि कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंशी बसून बोला. तुमच्या भागात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येत असतील तर कुठल्या घरातून कचरा मिळत नाही हे त्यांना नेमकं माहीत असतं. मंचाच्या बैठकीत त्यांना कधी बोलावलंय का? बोलवा, आणि खुर्ची द्या.

दिव्यांचं सोपं आहे. प्रत्येक खांबावर क्रमांक असतो, बंद दिव्यांचे खांब क्रमांक लिहून तक्रार नोंदवा. ताब्यात नसलेल्या रस्त्याचा मुद्दा वर सांगितलाच.

कुत्र्यांच्या बाबतीत मंचात दोन तट पडतात आणि महिने जातात, म्हणून मोजकंच सांगतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रं मूळ जागी सोडायचं असतं. खायला घालण्याची जागा ठरवणं ही रहिवासी संघाचीही जबाबदारी आहे. ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारापासून दूर असावी. यावर न्यायालयांचे आदेशही येत असतात, तेव्हा ग्रुपवर फिरणाऱ्या जुन्या मेसेजवर विसंबू नका. तुमच्या हातात आज आहे ते म्हणजे कानाला खूण नसलेली, म्हणजे निर्बीजीकरण न झालेली कुत्री कुठे किती आहेत याची यादी आरोग्य विभागाला देणं.

आता अर्ज. एक विषय, एक जागा, एक खातं, एक अर्ज. तुमच्या ड्रेनेजच्या अर्जाचा मजकूर साधारण असा असावा: "अमुक सोसायटीच्या प्रवेशद्वारासमोरच्या चेंबरपासून अमुक दुकानासमोरच्या चेंबरपर्यंत, अंदाजे ८५ मीटर लांबीत, वरची लाईन २२५ मिलिमीटर आणि खालची १५० मिलिमीटर व्यासाची आहे. आपल्या कनिष्ठ अभियंत्यांसोबत अमुक तारखेला पाहणी झाली. या लांबीतली लाईन बदलण्याचं पूर्वगणनपत्रक करून येत्या अंदाजपत्रकात तरतूद प्रस्तावित करावी. आमच्या सोसायट्यांनी पावसाच्या पाण्याच्या जोडण्या वेगळ्या केल्याचे फोटो सोबत आहेत." हे शेवटचं वाक्य फार उपयोगी पडतं. अर्जाची पोच आवक क्रमांकासह घ्या. फोनवर "हो, करतो" म्हणाले तर त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र द्या की आपण आज असं सांगितलंत.

वेळही बघा. पालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिलपासून, आणि आयुक्तांचं अंदाजपत्रक त्याआधीच्या हिवाळ्यात तयार होतं. पावसाळ्यात चेंबर वाहताना दिलेल्या अर्जाला फार तर गाडी येते. लाईन बदलण्याची मागणी ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये खात्याच्या यादीत जायला हवी, फेब्रुवारीत गेलात तर पुढच्या वर्षावर पडते. छोट्या कामांसाठी, म्हणजे पदपथ, बाकं, एखादं पावसाळी चेंबर, पुणे पालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. त्यांचे फॉर्म कधी निघतात यावर एकाने लक्ष ठेवावं.

दोन महिन्यांत हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकार. इथे बहुतेक जण "काम का झालं नाही" असं विचारतात. कायद्याने मिळते ती कागदावर असलेली माहिती, "का" या प्रश्नाचं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. म्हणून कागद मागा: आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची प्रत, त्या लांबीचं पूर्वगणनपत्रक झालं असल्यास त्याची प्रत, या रस्त्यावर मागच्या तीन वर्षांत झालेल्या ड्रेनेजच्या कामांचे कार्यादेश आणि दोषदायित्व कालावधी. दोषदायित्व कालावधी संपला नसेल तर खचलेली लाईन ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, आणि ही एक ओळ कधीकधी सगळं काम करून जाते. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज मंचाच्या नावाने करू नका, एखाद्या नागरिकाने स्वतःच्या नावाने करायचा. फाईल प्रत्यक्ष पाहण्याचाही हक्क याच कायद्यात आहे, तो वापरा. फाईल चाळताना जे दिसतं ते प्रतींत येत नाही.

बैठकीला दहा-बाराच येतात याचं तुम्हाला वाईट वाटतंय. मला तो आकडा पुरेसा वाटतो. चारशे माणसांनी यायची गरजही नाही. त्या बारा जणांत विषय वाटून द्या, ड्रेनेजला दोघं, पाण्याला दोघं, कचऱ्याला दोघं, आणि वर्षभर तीच माणसं त्या खात्यात जाऊ द्या. दर वेळी नवा चेहरा गेला की जेईला पहिल्यापासून सांगावं लागतं. ग्रुपवर तक्रार टाकणाऱ्याने जागा आणि वेळ लिहिलीच पाहिजे एवढा एक नियम ठेवा. बैठक फक्त रविवारी सकाळी घेत असाल तर कधी संध्याकाळीही घेऊन बघा. पाणी भरणं, कचरा देणं, मुलांना शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं ज्यांच्या अंगावर आहे त्या बायकांना परिसराचं जे माहीत असतं ते कमिटीतल्या पुरुषांना नसतं.

आणि तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "मधल्या बैठ्या घरांमुळे परिसर खराब होतो". ती घरं तुमच्या मंचात आहेत असं तुम्ही सुरुवातीला लिहिलंय, पण बैठकीला येणाऱ्यांत त्यांच्यापैकी कोणीच नाही. तुमच्या लाईनचा उतार त्यांच्याकडे असेल तर चेंबर उलटतं तेव्हा पहिलं पाणी त्यांच्या उंबऱ्यात जातं. तुमच्याकडे ते पार्किंगमध्ये येतं, त्यांच्याकडे स्वयंपाकघरात. या प्रश्नावर सगळ्यात जास्त सोसणारी माणसं बाजूला ठेवून तुम्ही पालिकेकडे जाताय, हे मला फार खटकलं. जुनी लाईन कुठून गेली, ग्रामपंचायतीने कोणत्या साली टाकली, कुठला ओढा बुजवून रस्ता झाला, हे त्यांच्यातल्या जुन्या माणसांकडूनच कळेल. त्यांच्यातले दोघं मंचाच्या कार्यकारिणीत घ्या. अर्जावर त्यांच्या सह्या आल्या की त्या अर्जाचं वजनही वाढतं.

आता तुमचे मूळ तीन पर्याय.

नोंदणी: अर्ज द्यायला, माहिती मागायला, जेईला भेटायला नोंदणीची गरज नाही. पैसे गोळा करायचे असतील, बँकेत खातं हवं असेल किंवा पुढे न्यायालयात जायची वेळ येईल असं दिसत असेल तर करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि आपल्याकडे अशी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवली जाते. त्यानंतर दरवर्षी हिशोबतपासणी आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, हे सांभाळणारा माणूस तुमच्यात आहे का ते आधी बघा. तो नसेल तर पहिलं वर्ष नोंदणीशिवायच काढा आणि किरकोळ खर्च सोसायट्यांनी आपापल्या ठरावाने करावा.

मोर्चा: मी विरोधात नाही. पण तुमच्या हातात आज नेमकी मागणी नाही. मोर्च्यासमोर अधिकारी येऊन आश्वासन देईल, फोटो निघतील, आणि त्या आश्वासनाला जागा आणि लांबी नसल्यामुळे ते मोजता येणार नाही. पाहणी, अर्ज, पोच, माहिती अधिकारातले कागद एवढं हातात असताना काम अडलं तर जरूर जा, आणि मागणीचा कागद एका पानाचाच ठेवा.

निवडणूक: कोणा सभासदाला लढायचं असेल तर तो त्याचा हक्क आहे, त्याने मंचाचं पद सोडून लढावं. मंच म्हणून उमेदवार दिला की दुसऱ्या दिवसापासून तुमचा ड्रेनेजचा अर्ज हा एका गटाचा अर्ज होतो. पुण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकच होता. त्या काळातही ज्या संघांचे कागद तयार होते त्यांची कामं मी होताना पाहिली आहेत. प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना, आणि हरलेल्या उमेदवारांनाही, तोच एक पानाचा कागद द्या.

पुढच्या रविवारची बैठक सभागृहात घेऊ नका. प्रत्येक सोसायटीचा एक माणूस, बैठ्या घरांतली दोन-तीन जुनी माणसं, मोजायची टेप आणि परिसराचा मोठ्या कागदावर काढलेला नकाशा घेऊन रस्त्याच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत चाला. चेंबर उघडू नका, फक्त जागा, दोन चेंबरमधलं अंतर आणि कुठलं पावसात उलटतं ते नकाशावर लिहा. त्या नकाशाचा फोटो इथे टाकलात तर पहिला अर्ज कोणत्या लांबीचा करायचा ते मी सांगेन.